जमीन एका पाण्याने क्षारपड होत नाही



ऊस नोंदणी चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या गट ऑफिसात एक जुने सभासद नोंद द्यायला आले. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही तात्याच म्हणतो. नोंद झाली, सही झाली, चहा झाला, तरी तात्या उठेनात. मी विचारले, "तात्या, काही राहिलं का?"

तात्या म्हणाले, "नोंदीचं न्हवं साहेब. तुमी चार बुकं शिकलेलं हाय म्हणून इचारतो. आमच्या मंडळीला दम लागतोय. चार पायऱ्या चढंना झालीया. कोल्हापूरला दाखवलं. डॉक्टर म्हणतोय, हिची फुफ्फुसं जल्मभर इडी वडल्यागत झाल्यात. आवो, तिनं इडी कधी हातात धरली न्हाई. मिश्रीसुदीक लावत न्हाई. मग ह्ये आलं कुठनं?"

मी काही डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला, बांधावर फिरणारा माणूस. पण उसाला रोग आला की आम्ही काय करतो? आधी मागचा इतिहास विचारतो. लागण कधीची, बेणे कुठले, आधीचे पीक काय, पाणी कुठले, डोस किती टाकला. तसेच मी तात्यांना विचारत गेलो. बाई लग्न होऊन आल्या त्याला पन्नास वर्षे झाली. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. चुलीत शेणी, तुरकाट्या आणि उसाचे चिपाड. हंगामात घरचे गुऱ्हाळ. तिथे चुलवाणात जाळ घालायला माणूस कमी पडला की त्याच उभ्या राहायच्या. रात्री रॉकेलची चिमणी. पुढे वीज आली तशी डासांची कॉइल आली. आणि दरसाल शेतात पाचटाचा जाळ.

सगळे सांगून झाल्यावर तात्या स्वतःच गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे इडी वडली न्हाई, पर धूर खाल्लाच की."

तात्यांच्या या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला, वाचन केले, ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

जमिनीचे उदाहरण

शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन आपण सर्वांनी पाहिली आहे. एके काळी जिथे एकरी साठ-सत्तर टन ऊस निघायचा, तिथे वर पांढरा थर आला आणि कुसळसुद्धा उगवेना. त्या शेतकऱ्याला विचारा, "बाबा, तुझी जमीन कोणत्या पाण्याने बिघडली? १९८५ सालच्या का १९९५ सालच्या?" त्याला सांगता येणार नाही. कारण ती कोणत्याही एका पाण्याने बिघडलेली नसते. दर पाळीला थोडे जास्त पाणी, दर पाण्याबरोबर थोडा क्षार, निचरा नाही, ऊस मोडून पुन्हा ऊस. वीस-तीस वर्षे वरून काहीच दिसत नाही. आणि दिसायला लागते तेव्हा खालचे पाणी मुळाशी आलेले असते.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. २००५ साली ख्रिस्तोफर वाइल्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने यासाठी 'एक्स्पोझोम' असा एक शब्द काढला. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. आईच्या पोटात जीव धरल्यापासून मरेपर्यंत माणसाच्या अंगाला जे जे लागते, म्हणजे हवा, पाणी, अन्न, धूर, औषधे, ऊन, कष्ट, काळजी, त्या सगळ्याची बेरीज. त्यांचे म्हणणे असे की, आनुवंशिकतेचा अभ्यास जसा बारकाईने होतो, तसा या बेरजेचाही व्हायला पाहिजे. नुसत्या आनुवंशिकतेवर रोगाचा उलगडा होत नाही.

आपल्या भाषेत आनुवंशिकता म्हणजे बेणे. को ८६०३२ हे एकच बेणे दोन सभासद नेतात. एकाला एकरी ऐंशी टन पडतो, दुसऱ्याला चाळीस. बेणे तेच, मग फरक कशाचा? जमिनीचा, पाण्याचा आणि मशागतीचा. इंग्लंडमध्ये सुमारे ५ लाख लोकांच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. मरणाच्या जोखमीत माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला सुमारे १७ टक्के वाटा परिस्थिती आणि राहणीमानाचा, तर आनुवंशिकतेचा २ टक्क्यांच्याही आत, असे त्यात आढळले. स्तनाचा कॅन्सर किंवा स्मृतिभ्रंश अशा काही आजारांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हेही त्याच अभ्यासात आहे. पण "आमच्या घराण्यातच आहे, काय करणार?" असे म्हणून हात जोडून बसण्यासारखी स्थिती नाही, एवढे नक्की.

सुरुवात आईच्या पोटातच

या विषयावरचे फार मोलाचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या ६ खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे शास्त्रज्ञही त्यात होते. पाहणीतल्या बाया आपल्यासारख्याच शेतकरी घरातल्या. गरोदरपणी त्या काय खातात, किती राबतात, याच्या नोंदी ठेवल्या. पुढे जन्मलेल्या मुलांची मापे घेतली. आणि तीच मुले सहा वर्षांची, बारा वर्षांची, पुढे मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली.

काय दिसले? आपल्याकडचे बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधले साडेतीन किलोच्या आसपास. बाळ बारीक, हे दिसतच होते. पण नीट मोजल्यावर कळले की आपल्या बाळाचे स्नायू कमी भरलेले आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. वरून काटक दिसणारे, आतून चरबीचे. पुढे मोठेपणी खाणे वाढले, कष्ट कमी झाले की अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो. गावागावांत आता चाळिशीच्या आतली, अंगाने किडकिडीत माणसे साखरेच्या गोळ्या घेताना दिसतात, त्याचे एक मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट. ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे भरलेली निघाली. आणि ज्यांना गरोदरपणी शेतातली व घरातली जड कामे जास्त करावी लागली, त्यांची बाळे लहान निघाली. शिवाय यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मटण, मासे यांतूनच मिळते. भाजीभाकरीतून मिळत नाही.

आता आपल्या घरात डोकावून बघा. गोठ्यात दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत जाते. घरात उरते ते चहापुरते. मटण शिजले तरी आधी गडीमाणसे, मग पोरे आणि शेवटी राहिला तर रस्सा बायकांना. सातवा-आठवा महिना भरलेली सून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येते, आणि आपण म्हणतो, "कामानं बाळंतपण सोपं जातं." हलके काम चांगलेच. पण भारा म्हणजे हलके काम नव्हे. उसाच्या उगवणीकडे आपण रोज चक्कर टाकतो. उगवण कच्ची राहिली तर पुढे कितीही डोस द्या, तुटाळ भरून निघत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. मग घरातल्या उगवणीकडे एवढे दुर्लक्ष का?

घरातला धूर

तात्यांच्या मंडळींच्या आजाराला डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात. श्वासाच्या नळ्या कायमच्या आकसतात. पूर्वी हा विडी-सिगारेटचाच रोग मानला जायचा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये त्या वेळी असलेले डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका सहकाऱ्यासह दाखवून दिले की, विडी न ओढणाऱ्यांतही हा रोग मोठ्या प्रमाणात आहे आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर चुलीच्या धुरात राहणारे त्याच्या तिप्पट, असा त्यांचा हिशेब होता. घरातल्या धुरामुळे जगात २०२० साली ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

डासांच्या कॉइलचेही तसेच. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ सालच्या एका अभ्यासात मोजले गेले. दारे-खिडक्या लावून ती पाळण्याखाली ठेवणे किती वाईट, हे यावरून समजावे. मच्छरदाणी स्वस्त पडते.

आता गॅस घरोघरी आला आहे. पण गॅसवर चहा, आणि भाकरी व आंघोळीचे पाणी अजून चुलीवर, अशी पुष्कळ घरे मी रोज पाहतो. पैसा वाचतो हे खरे. पण तो कुणाच्या छातीतून वाचतो, तेवढे बघावे.

शेतातली औषधे, आणि माझी स्वतःची कबुली

आता माझ्या खात्याचा विषय. इथे मला थोडे स्वतःबद्दल बोलावे लागेल.

मी लहान असताना आमचे वडील घमेल्यात बीएचसी पावडर घ्यायचे आणि उघड्या हाताने पिकावर उधळत जायचे. मी मागून पिशवी घेऊन चालायचो. वारा फिरला की दोघेही पांढरे व्हायचो आणि हसायचो. तीच पावडर घरी धान्याच्या पोत्यांभोवती टाकलेली असायची. या पावडरीवर देशात १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. तिच्यातला जो मुख्य विषारी भाग, लिंडेन, तो माणसात कॅन्सर करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली दिला. हे औषध अंगातल्या चरबीत साठून राहते. देशात अनेक ठिकाणी आईचे दूध तपासले तेव्हा त्यातही डीडीटी आणि बीएचसीचे अंश सापडले. म्हणून कुणी अंगावरचे दूध तोडू नये. बाळाला त्यासारखे दुसरे अन्न नाही, हेच सर्व डॉक्टर सांगतात. पण आपण बांधावर टाकलेली वस्तू कुठपर्यंत जाते, ते यातून कळते.

पुढे मी नोकरीला लागलो. सुरुवातीच्या वर्षांत बेणे प्रक्रियेची प्रात्यक्षिके घ्यायचो. पिंपात पाणी, त्यात पारायुक्त औषध, आणि टिपऱ्या बुडवायला बाया. हात कोपरापर्यंत त्या पाण्यात. मी काठावर उभा राहून मिनिटे मोजायचो. हातमोजे आणा असे मी कधी म्हणालो नाही, कारण मला कुणी तसे शिकवले नव्हते. ते मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड, म्हणजे बाजारातले एमिसान, २०१८ साली देशात बंद झाले. त्याहून जहाल असा पारा लावलेले गव्हाचे बियाणे १९७१-७२ साली इराकमध्ये लोकांनी दळून खाल्ले होते. ६ हजारांवर माणसे दवाखान्यात गेली, ४५९ तिथेच दगावली. त्या वेळी पोटात असलेली काही बाळे जन्मली ती मेंदूला इजा होऊनच. आपल्याकडे तसा प्रसंग आला नाही. पण पारा हा पाराच.

आणि थिमेट. हुमणीला आणि खोडकिडीला थिमेट, हे आपल्या भागात एवढे रुळले होते की दुकानात कुणी दुसरे नाव घेत नसे. खतात मिसळून हाताने टाकायचे. फार तर हाताला खताची प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. टाकून झाले की पाटात हात खळबळून बांधावर भाकरी खायची. ऑगस्ट २०१८ च्या सरकारी आदेशाने थिमेट, म्हणजे फोरेट, ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. तोपर्यंत त्याची शिफारस करणाऱ्यांत मीही होतो. पुस्तकात होते, परवानगी होती, गुण येत होता. पण डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ मी सभासदांना जितक्या वेळा सांगायला हवा होता, तितक्या वेळा सांगितला नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसे गेली. ती बातमी देशभर झाली, कारण माणूस त्याच दिवशी पडला. पण थोडे थोडे औषध वीस वर्षे अंगात गेले तर बातमी होत नाही. हातपाय बधिर होणे, चक्कर, विसराळूपणा, झोप न लागणे. माणूस म्हणतो, "वय झालं." आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फवारणाऱ्याच्या अंगात औषध नाकातोंडातून जाते त्यापेक्षा कातडीतून जास्त जाते. नुसता तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले असे नाही. पाठीवर गळणारा पंप आणि भिजलेला शर्ट जास्त घातक.

पाणी

आपली पंचगंगा प्रयागपासून नृसिंहवाडीपर्यंत वाहते. वाटेत तिला शहरांचे मैलापाणी, उद्योगांचे सांडपाणी आणि शेतातून धुपून आलेली खते-औषधे मिळतात. साखर आणि आसवनी हा आपला धंदाही त्यातून अंग काढून घेऊ शकत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. पाण्यातून पसरणारी ही कावीळ गरोदर बाईला फार धोक्याची असते.

साथ डोळ्यांना दिसते. विहिरी-बोअरमधला नायट्रेट दिसत नाही. पिकाला न लागलेला युरिया पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि आपल्याच विहिरीत येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे भारतीय मानक आहे. वरचे दूध पिणाऱ्या लहान बाळाला जास्त नायट्रेटचे पाणी दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, अंग निळसर पडते. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. आपण माती परीक्षणाला नमुना देतो, पण ज्या विहिरीचे पाणी पोरे पितात तिचा नमुना कधी दिला आहे?

कॅन्सरची चर्चा

शिरोळ भागात कॅन्सरचे रुग्ण वाढले, अशी चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. कुणी पाण्याला दोष देतो, कुणी औषधांना, कुणी भाजीपाल्याला. सभासद मलाही विचारतात. माझे मत असे की ही चर्चा उडवून लावू नये, आणि घाबरूनही जाऊ नये. मोजावे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली खेड्यांतल्या कॅन्सरची गावोगाव नोंद ठेवणे सुरू झाले. ग्रामीण भागातली अशी ती देशातली पहिलीच नोंदवही. तिथले प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा कमी आहे, आणि बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बराच आहे, हे मोजल्यामुळेच कळले. कॅन्सर दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. त्याला कारणेही बहुधा एकापेक्षा जास्त असतात. तंबाखूची पुडी खिशात ठेवून औषधाच्या कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. आणि तंबाखूकडे बोट दाखवून औषधाचा विषय झाकण्यातही अर्थ नाही. दोन्ही एकाच अंगात जातात, दोन्हींची बेरीज होते.

तोडणी मजूर

आणखी एका माणसाचा विचार आपण करत नाही. बीडकडून आपला ऊस तोडायला येणारा मजूर. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. ना मधुमेह, ना रक्तदाब. भर उन्हात, पुरेसे पाणी न पिता, दम न घेता, वर्षानुवर्षे केलेले कष्ट हे मोठे कारण असावे असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. तिथे पाणी, सावली आणि विसावा या तीन गोष्टी नीट दिल्यावर मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचे दिसले. आपल्या फडात फेब्रुवारी-मार्चचे ऊन काही कमी नसते. टोळी लवकर उरकावी म्हणून ऊस पेटवला तर त्या राखेत आणि धगीत तोच माणूस, त्याची बायको आणि पाठीमागे बसलेले पोर. जळीत उसाला कपात लागते ती वेगळीच.

करायचे काय?

मोठमोठ्या गोष्टी सरकारने, नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी करायच्या आहेत, आणि त्या त्यांच्याकडून आपण वार्षिक सभेत, ग्रामसभेत मागून घेतल्या पाहिजेत. पण पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत.

१. घरात गरोदर बाई असेल तर दूध संस्थेला घालायच्या आधी तिचा पेला बाजूला काढावा. रोज पालेभाजी द्यावी. भारा, घागर आणि औषध या तिन्हींपासून तिला दूर ठेवावे. दवाखान्याच्या गोळ्या चुकवू नयेत.

२. चूल बंद करता येत नसेल तर ती बाहेर पडवीत न्यावी, नाहीतर धुराड्याची सोय करावी. लहान पोर कडेवर घेऊन चुलीपाशी बसू नये.

३. पाचट पेटवू नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत पसरून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे संवर्धक टाकावे. जमिनीला खत, छातीला आराम.

४. हुमणीसाठी वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर येणारे भुंगेरे गावाने मिळून गोळा करून मारावेत. मेटारायझियम बुरशीचा वापर करावा. एकट्याने करून भागत नाही, शिवार एक झाले पाहिजे.

५. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हातमोजे, अंगभर कपडे, न गळणारा पंप. वाऱ्याच्या तोंडाला फवारू नये. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. काम संपताच साबणाने अंघोळ, मगच भाकरी. रिकामा कॅन पाणी-तेलाला कधीही वापरू नये.

६. युरिया माती परीक्षणाप्रमाणे आणि हप्त्याने द्यावा. पिण्याच्या विहिरीचे पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

७. आपल्या फडात टोळी असेल तर प्यायला स्वच्छ पाणी आणि दुपारी टेकायला सावली एवढी सोय शेतकऱ्याने करावी.

८. शेवटची गोष्ट फुकट आहे. १७०० साली रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने आपल्या पुस्तकात सांगितले होते की, रोग्याला वैद्याने 'तुझा धंदा काय?' हेही विचारावे. डॉक्टरांना गर्दीत विचारायला सवड होत नसेल, तर आपण आपणहून सांगावे. एका वहीच्या पानावर लिहावे : चूल किती वर्षे, पाणी कुठले, कोणती औषधे किती वर्षे हाताळली, तंबाखू किती, गुऱ्हाळावर किती हंगाम. कारखान्याच्या बिलातली कपात आपण रुपयापर्यंत तपासतो. हा हिशेबही तसाच लिहून न्यावा. डॉक्टरला त्याचा उपयोग होतो.

जमीन सुधारते

हे वाचून कुणी म्हणेल, "झालं ते झालं, आता काय उपयोग?" पुन्हा शिरोळकडेच पाहू. ज्या जमिनीवर पांढरा थर होता, तिथे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले. खारे पाणी बाहेर काढले, आणि त्या जमिनीत पुन्हा ऊस उभा राहिला. एका वर्षात नाही, पण राहिला. शरीराचा सगळाच बिघाड असा भरून निघत नाही. तरी नवा क्षार यायचा थांबला की जमीन जशी दम धरते, तसे शरीरही धरते. तंबाखू सोडलेल्या माणसाचा धोका वर्षागणिक उतरत जातो, हे सिद्ध झालेले आहे.

गेल्या महिन्यात तात्या पुन्हा भेटले. मंडळींचा दम गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकी पाडली आहे आणि पाण्याची चूल परड्यात नेली आहे. निघताना म्हणाले, "साहेब, सूनबाईला चौथा म्हैना लागलाय. दूध मीच काढतोय. आधी तिचा पेला, मग डेरी."

मी त्यांच्या नोंदीच्या पावतीवर सही केली. त्या दिवशी मला वाटले, आपल्या नोंदवहीत नाही अशी एक लागण तात्यांच्या घरी नीट चालली आहे.

सभासदांनी वरील गोष्टींचा आपापल्या घरी विचार करावा. पाणी व माती तपासणीसाठी आणि संवर्धकांच्या माहितीसाठी आपल्या गट ऑफिसला यावे, एवढीच नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी